ग्रीक भावकवितेतला ‘मी’ नेमका कोणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आर्किलोकस आणि सॅफो या प्राचीन ग्रीक कवींच्या काही कवितांचं तुम्ही इंग्रजीवरून मराठी भाषांतर करताय, सोबत प्रस्तावना आणि टिपा लिहायच्या आहेत. एका पुस्तकात वाचलंत की स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिणारे हे युरोपातले पहिले कवी. दुसऱ्यात वाचलंत की या कवितांमधला ‘मी’ निव्वळ मुखवटा आहे, त्यात कवीचं आयुष्य शोधणं भाबडेपणाचं. आता टिपेत ‘कवी म्हणतो’ असं लिहायचं की ‘निवेदक म्हणतो’, इथे तुमचं घोडं अडलंय.

मी ग्रीक काव्य शिकवते आणि त्यातलं थोडंफार मराठीत आणते. हा प्रश्न वर्गात हमखास येतो आणि तो यायलाच हवा. पण ‘खरा की मुखवटा’ अशी निवड समोर ठेवली की आपण पुढच्या वाटेवरच अडखळतो. या कविता एकट्यानं मनात वाचण्यासाठी रचलेल्या नव्हत्या. त्या कुणीतरी, कुणासमोर तरी म्हणायच्या किंवा गायच्या होत्या. म्हणून मी मुलांना आधी वेगळा प्रश्न विचारायला लावते: हा ‘मी’ मोठ्यानं कोण उच्चारणार होतं, कोणासमोर, आणि त्यानंतर तो आणखी कोणाकोणाच्या तोंडी जाणार होता? याचं उत्तर मिळालं की कवीचं आयुष्य त्यात किती आहे, हे निदान अंदाजानं तरी सांगता येतं. उलट्या क्रमानं गेलात तर काहीच हाती लागत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करते. सगळ्या कवींना एकच उत्तर लागू पडत नाही. ‘ग्रीक भावकविता’ हे आपण सोयीसाठी दिलेलं नाव आहे आणि त्याखाली निदान तीन तऱ्हा येतात. इयांबोस म्हणजे टोमणे, शिव्या, चावट किस्से, खाणंपिणं. एलेजी म्हणजे ऑलॉस या दोन नळ्यांच्या वाद्याच्या साथीनं, बहुतेक वेळा पुरुषांच्या मद्याच्या बैठकीत म्हटली जाणारी रचना. आणि मेलोस म्हणजे तंतुवाद्यावर गायचं गाणं, कधी एकट्यानं, कधी नाचणाऱ्या समूहानं. आर्किलोकसच्या शिवराळ इयांबोसमधला ‘मी’ आणि पिंडर या नंतरच्या कवीनं खेळांतल्या विजेत्यांसाठी रचलेल्या विजयगीतातला ‘मी’ एकाच मापानं मोजले तर दोघांवरही अन्याय होतो. शिवाय आपल्या हाती आलंय ते बहुतेक तुकड्यांत. कुठे व्याकरणकारानं वृत्ताचं उदाहरण म्हणून एक ओळ उचललेली, कुठे इजिप्तच्या वाळूत सापडलेला पपायरस (लव्हाळ्यापासून केलेला प्राचीन कागद), त्याचीही डावी बाजू फाटलेली. तुकडा कोणी जपला आणि कशासाठी, हे मी अर्थाच्याही आधी बघते.

हा वाद विसाव्या शतकातल्या समीक्षकांनी उकरून काढला असं अनेकांना वाटतं. तसं नाही, तो ग्रीकांमध्येच होता. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीचा अथेन्सचा राजकारणी क्रिटियास आर्किलोकसवर चिडला होता, आणि त्याचं कारण ईलियन या नंतरच्या लेखकानं नोंदवून ठेवलंय. क्रिटियासचं म्हणणं असं: हा गृहस्थ एनिपो नावाच्या दासीचा मुलगा, गरिबीमुळे आपलं पारोस बेट सोडून थासोस बेटावर गेला, तिथल्या लोकांशी वैर धरलं, मित्र आणि शत्रू दोघांनाही शिव्या दिल्या, परस्त्रियांच्या मागे लागला, आणि सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे लढाईत ढाल टाकून पळाला, हे सगळं आपल्याला कसं कळलं, तर त्यानं स्वतःच सांगितलं म्हणून. म्हणजे क्रिटियास कवितेतला प्रत्येक ‘मी’ हा कबुलीजबाब धरून वाचतोय.

अ‍ॅरिस्टॉटल त्याच कवीला अगदी वेगळं वाचतो. वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो सल्ला देतो की काही गोष्टी स्वतःच्या तोंडानं बोलल्या तर हेवा ओढवतो किंवा असभ्य दिसतं, म्हणून त्या दुसऱ्याच्या तोंडी घालाव्यात. आणि उदाहरण देतो आर्किलोकसचं. एक कविता सुरू होते ती अशी: ‘सोन्यात लोळणाऱ्या गीगीसच्या संपत्तीचं मला काही नाही.’ पुढे बोलणारा म्हणतो, मला कधी असूया शिवली नाही, देवांच्या करणीचा हेवा वाटत नाही, राजसत्तेची हाव नाही. गीगीस हा त्या काळचा लिडियाचा राजा. ही कविता नुसती वाचली तर कुणीही म्हणेल, बघा, कवीचं साधं, निर्लोभी मन. अ‍ॅरिस्टॉटल सांगतो की हे बोलणारा खॅरॉन नावाचा सुतार आहे. आज उरलेल्या ओळींमध्ये सुताराचा मागमूसही नाही. अ‍ॅरिस्टॉटलचं ते एक वाक्य हरवलं असतं तर आपण आनंदानं आर्किलोकसचं जीवनविषयक तत्त्वज्ञान लिहून मोकळे झालो असतो. पुढे रोमन कवी होरेसनं अशीच युक्ती केली: शेतकऱ्याच्या शांत जीवनाची भरभरून स्तुती, आणि शेवटच्या ओळींत कळतं की बोलणारा अल्फियस नावाचा सावकार आहे. होरेस स्वतःला आर्किलोकसचा वारस म्हणवत होता, त्यामुळे मूळ कवितेतही सुताराचं नाव शेवटी फुटत असावं असा तर्क अभ्यासक करतात.

त्याच परिच्छेदातलं दुसरं उदाहरण मला याहून महत्त्वाचं वाटतं. ‘आता कशाचंच नवल वाटायला नको, झ्यूसनं भर दुपारी रात्र केली,’ अशा अर्थाच्या ओळी आर्किलोकसच्या नावावर आहेत. हे सूर्यग्रहण बहुधा इ.स.पू. ६४८ मधलं, ६ एप्रिलचं, असं मानतात, आणि कवीचा काळ ठरवायला याचाच मोठा आधार आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या सांगण्यानुसार या ओळी एक बाप आपल्या मुलीबद्दल बोलतोय. म्हणजे कवीच्या चरित्रातली सगळ्यात पक्की तारीख ज्या ओळींनी दिली, त्या ओळीतला आवाज कवीचा नाही! ग्रहण खरं, बाप रचलेला. एकाच कवितेत दोन्ही गोष्टी सुखानं नांदतात. मुखवट्यामागे खरं जग असतं, आणि खऱ्या जगातल्या तपशिलामुळे बोलणारा कवी ठरत नाही, हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

क्रिटियाससारखं वाचणं आपल्याकडेही झालंय. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं जुगाऱ्याचं सूक्त तुम्हाला माहीत असेल: फाशांनी वेड लावलेला माणूस ‘मी’ म्हणून बोलतो, बायको हाकलते, सासू द्वेष करते. परंपरेनं हे सूक्त कवष ऐलूषाच्या नावावर आहे (पर्यायी नाव अक्ष मौजवान). आणि ऐतरेय ब्राह्मणात सरस्वतीकाठच्या सत्रातून ऋषी याच कवषाला हाकलतात ते काय म्हणून? ‘दासीपुत्र, जुगारी, अब्राह्मण.’ एनिपो दासीचा मुलगा आर्किलोकस आणि दासीपुत्र जुगारी कवष! कवितेतला ‘मी’ कवीच्या अंगाला चिकटवला की चरित्र कसं तयार होत जातं, ते इथे दोन संस्कृतींत एकाच साच्यात दिसतं. याचा अर्थ दोन्ही कथा खोट्या असं मी म्हणत नाही. पण कवितेतून चरित्र काढायचं आणि मग त्याच चरित्रावरून कविता समजावून सांगायची, या चक्रात अडकू नका. प्राचीन कविचरित्रांचा फार मोठा भाग असाच जन्मलेला आहे, आणि तुम्ही वापरताय त्या इंग्रजी प्रस्तावनांमध्ये तो अजून झिरपतो.

आता ढालीच्या त्या प्रसिद्ध कवितेकडे वळू. माझी ढाल आता कुणी सायन मिरवतोय (सायन म्हणजे थ्रेसमधली एक टोळी). उत्तम ढाल होती, झुडपाजवळ टाकावी लागली, माझी इच्छा नव्हती. पण जीव वाचवला ना! गेली तर गेली, तितकीच चांगली दुसरी घेईन. क्रिटियाससाठी हा गुन्ह्याचा पुरावा. पण लक्षात घ्या, अल्कायस हा दुसरा कवीही आपली ढाल शत्रूकडे गेल्याचं कवितेतून मित्राला कळवतो, हे इतिहासकार हेरोडोटस सांगतो. अनॅक्रिऑन या कवीच्या एका तुकड्यात ढाल नदीकाठी टाकलेली आहे. होरेस तर फिलिपीच्या लढाईत आपण ढाल टाकल्याची मित्राला आठवण करून देतो. इतक्या कवींची ढाल पडते तेव्हा ती एक काव्यरूढी झालेली असते. आर्किलोकस खरोखर थासोसजवळच्या लढायांत होता का? बहुधा होता. त्यानं ढाल टाकली का? तो प्रश्न कवितेला विचारण्यात अर्थ नाही. ती म्हटली गेली ती सोबत लढणाऱ्या माणसांसमोर, आणि ‘दुसरी घेईन’ या वाक्यावर जे हसले त्यांना तो ‘मी’ आपलाही वाटला असणार. माझ्या मते कवितेचं खरं काम तेच आहे.

लिकाम्बीस आणि त्याच्या मुली हा यातला सगळ्यात चिघळलेला भाग. आर्किलोकसला आपली मुलगी निओबूले देतो असं सांगून लिकाम्बीसनं शब्द फिरवला, कवीनं अशा कविता रचल्या की मुलींनी गळफास घेतला, अशी आख्यायिका. १९७४ साली कोलोनच्या पपायरसवरची एक लांबलचक कविता प्रसिद्ध झाली. तीत ‘मी’ एका तरुण मुलीला फूस लावल्याची गोष्ट सांगतो आणि निओबूलेबद्दल फार वाईट बोलतो. त्याच वर्षी अभ्यासक मार्टिन वेस्ट यांनी मांडलं की लिकाम्बीस आणि मंडळी इयांबोसच्या परंपरेतली ठरलेली पात्रं असावीत. काही अभ्यासकांना ते पटलं नाही. खऱ्या गावात खऱ्या माणसांची नावं घेऊन केलेली बदनामी ती हीच, असं त्यांचं म्हणणं. माझा कल वेस्ट यांच्या बाजूनं आहे, पण थोडाच. पारोससारख्या छोट्या बेटावर नाव घेऊन गायलेलं गाणं कुणाला तरी झोंबल्याशिवाय राहत नाही, मग ते पात्र कितीही ठरलेलं असो.

मुखवट्याच्या बाजूनं सगळ्यात निर्विवाद पुरावा व्याकरणाचा आहे. अल्कायस हा लेस्बोस बेटावरच्या मितिलीनी शहराचा पुरुष कवी, तरवारी आणि सत्तासंघर्षात बुडालेला. त्याच्या एका तुकड्यात ‘मी अभागी, सगळ्या दुःखांची वाटेकरी’ असं म्हणणाऱ्या ‘मी’ची विशेषणं स्त्रीलिंगी आहेत. अनॅक्रिऑनच्या एका सुट्या ओळीत ‘नदीवरून सगळं लखलखीत करून घेऊन येतेय’ असं कुणी धुणं धुणारी बाई म्हणते. वृत्ताचा नमुना म्हणून ती ओळ टिकली, बाकी गाणं गेलं. थिऑग्निस या कवीच्या नावावरच्या संग्रहात तर बोलणारी घोडी आहे: मी शर्यत जिंकणारी उमदी घोडी, पण पाठीवर नालायक माणूस बसलाय. पुरुष शाहिरांनी बाईच्या तोंडी रचलेल्या लावण्या ऐकलेल्या मराठी वाचकाला यात अवघड काहीच नाही. गंमत अशी की व्याकरणानं सांगितलं म्हणूनच आपल्याला हे कळलं. लिंगाची खूण नसलेल्या किती ओळी आपण आजही कवीच्या खात्यावर टाकतोय, कुणास ठाऊक.

त्या काळात ‘मी’ इतका सहज दुसऱ्याला देता येत होता, हे दगडांवरही दिसतं. अटिकात, म्हणजे अथेन्सच्या परिसरात, मेरेन्डा इथे १९७२ मध्ये एका तरुणीचा संगमरवरी पुतळा सापडला, इ.स.पू. सहाव्या शतकातला. खाली कोरलंय: ही फ्रासिक्लेयाची खूण, मला कायम कुमारीच म्हणतील, लग्नाऐवजी देवांनी हे नाव माझ्या वाट्याला दिलं. लिहिणारा कुणी पुरुष, बोलणारी मेलेली मुलगी किंवा तिचा पुतळा, आणि मोठ्यानं वाचणारा वाटेवरचा कुणीही. वाचणाऱ्याला तो ‘मी’ क्षणभर स्वतःच्या आवाजात घ्यावा लागतो. हे भावकाव्य नाही, पण गाण्याकडे पाहताना ही सवय ध्यानात ठेवा.

समूहगीतात तर ‘मी’ आणि कवी यांची फारकत उघड आहे. स्पार्टाचा कवी आल्कमन याचं कुमारींचं गीत १८५५ मध्ये इजिप्तमधल्या सक्कारा इथे पपायरसवर सापडलं. त्यात नाचणाऱ्या मुली एकवचनात म्हणतात की मी पोर, तुळईवरच्या घुबडासारखी उगाच चिरकते. रचणारा प्रौढ पुरुष. ‘मी’ त्या मुलींमधल्या प्रत्येकीची. पण हाच आल्कमन दुसऱ्या तुकड्यात गोड गळ्याच्या मुलींना उद्देशून म्हणतो, आता माझे पाय मला पेलत नाहीत, मी समुद्रपक्षी असतो तर किती बरं! एक प्राचीन लेखक सांगतो की म्हाताऱ्या कवीला समूहाबरोबर नाचता येईना, म्हणून हे गाणं. तिथे ‘मी’ मुलींपासून वेगळा काढलाय, कारण गाण्याची मांडणीच तशी आहे.

पिंडरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन शब्द. त्याच्या विजयगीतांत ‘मी’ बहुतेक वेळा स्तुती करणारा कवी म्हणून बोलतो; ‘मी मूर्तिकार नाही, चौथऱ्यावर खिळून राहणारे पुतळे घडवायला,’ ही त्याचीच ओळ. पण अब्डेरा शहरासाठीच्या स्तोत्रात ‘मी नवं शहर आहे’ असं समूह म्हणतो. तिथे ‘मी’ म्हणजे अख्खं गाव. आणि किरीनी या उत्तर आफ्रिकेतल्या ग्रीक शहराच्या राजाचा रथ इ.स.पू. ४६२ मध्ये जिंकला त्या गीतात ‘माझे पूर्वज एगेइद’ (एगेइद हे एका कुळाचं नाव) असे शब्द येतात, त्यावर प्राचीन टीकाकारांचंच एकमत नव्हतं: थीब्जचा पिंडर आपल्या कुळाबद्दल बोलतोय की किरीनीचे गाणारे त्यांच्या? मला वाटतं ऐकणाऱ्या किरीनीकरांना तो ‘माझे’ आपला वाटावा, हीच कवीची इच्छा होती.

इथवरचं वाचून ‘सगळाच मुखवटा’ असा निष्कर्ष काढाल, तर मी अडवीन. अथेन्सचा सोलोन इ.स.पू. ५९४ मध्ये सर्वोच्च अधिकारपदावर होता. आपल्या सुधारणांबद्दल तो कवितेत म्हणतो: जमिनीत रोवलेले सीमादगड मी उपटले, परदेशी विकलेल्यांना परत आणलं, काळी भूमाता याची साक्षीदार आहे. ‘अथेन्सची राज्यघटना’ हा ग्रंथ या ओळी सरळ पुरावा म्हणून देतो. इथे ‘मी’ सोलोन नाही असं म्हणणं म्हणजे हट्ट. पण त्याच सोलोनची सालामिस बेटाविषयीची कविता ‘मी स्वतः सालामिसहून दूत होऊन आलोय’ अशी सुरू होते. चरित्रकार प्लुटार्क सांगतो की युद्धाचा विषय काढायला बंदी होती, म्हणून त्यानं वेड्याचं सोंग घेतलं, डोक्यावर टोपी घातली आणि चौकात जाऊन ती म्हटली. माणूस तोच, जीव ओतलेला, तरीही दूताची भूमिका घेतलेली. भूमिका घेणं आणि मनापासून बोलणं यांत ग्रीकांना विरोध दिसत नव्हता, हे मी वारंवार सांगते.

अल्कायसचंही तसंच. मितिलीनीचा सत्ताधीश पिटाकोस याला फताड्या पायाचा, ढेरपोट्या म्हणणारा, तिथलाच हुकूमशहा मिर्सिलोस मेला म्हणून आता प्यायलाच हवं म्हणणारा, गावाबाहेर हद्दपार झाल्यावर सभेची दवंडी ऐकायला तळमळणारा तो ‘मी’ खऱ्या सत्तासंघर्षात अडकलेला माणूस आहे. ऐकणारे त्याच्याच गटातले, त्याच्याइतकेच हरलेले. त्यांच्यासाठी ‘मी’ म्हणजे समोर बसलेला अल्कायस आणि त्याच वेळी आपण सगळे. पण दीडशे वर्षांनी अथेन्सच्या बैठकीत काय होतं? विनोदी नाटककार अरिस्टोफनीसच्या एका हरवलेल्या नाटकाच्या उरलेल्या ओळीत कुणी म्हणतं, अल्कायसचं किंवा अनॅक्रिऑनचं एखादं गाणं म्हण. म्हणजे पिटाकोस कोण हे ज्यांना धड माहीतही नाही असे तरुण तोच ‘मी’ आपल्या तोंडानं गात होते. गाणं तेच, ‘मी’चा मालक बदलला. म्हणूनच सुरुवातीच्या माझ्या प्रश्नाचा तिसरा भाग, ‘त्यानंतर कोणाच्या तोंडी’, मला सोडवत नाही.

आता सॅफो. तिची पूर्ण टिकलेली एकच कविता, प्रेमदेवता अफ्रोदितीची प्रार्थना. हॅलिकार्नाससच्या डायोनिसियस या टीकाकारानं ती घोटीव शैलीचा नमुना म्हणून पूर्ण उतरवली, म्हणून वाचली. बोलणारी देवीला बोलावते आणि आठवण देते की पूर्वीही तू आली होतीस, चिमण्यांच्या रथातून, आणि हसत विचारलं होतंस, पुन्हा काय झालं, पुन्हा का बोलावतेस, पुन्हा कुणाला वळवू तुझ्याकडे? सॅफो, कोण तुझ्यावर अन्याय करतंय? इथे कवयित्रीचं नाव कवितेतच आहे, याहून पक्का पुरावा काय हवा! पण जरा थांबून बघा. नाव ती स्वतः घेत नाही, देवी घेते, तेही आठवणीतल्या प्रसंगात. तीनदा ‘पुन्हा’ म्हणून देवी सौम्यपणे सांगते की बाई, हे तुझं नेहमीचं आहे. म्हणजे व्याकुळ होऊन हाक मारणारी एक सॅफो आणि त्या व्याकुळतेकडे देवीच्या नजरेनं, हसून बघू शकणारी दुसरी सॅफो, आणि दोघी एकाच कवितेत. आजचं दुःख कागदावर ओतलं असं हे मुळीच नाही. आणि हे गाणं दुसऱ्या कुणी म्हटलं की अफ्रोदिती तिलाच ‘सॅफो’ म्हणून हाक मारते. नाव कवितेत कोरल्यामुळे ‘मी’ बंदिस्त झाला असं आपल्याला वाटतं. उलट प्रत्येक गाणारीला थोडा वेळ सॅफो होता येतं. मला ही कविता म्हणूनच या साऱ्या काव्यप्रकाराची गुरुकिल्ली वाटते.

दुसरी प्रसिद्ध कविता, ‘तो मला देवांच्या तोडीचा वाटतो, तुझ्यासमोर बसून जो तुझं गोड बोलणं ऐकतो.’ मग जीभ मोडते, कातडीखाली बारीक आग धावते, डोळ्यांना दिसत नाही, कान गुणगुणतात, घाम, कंप, गवताहून हिरवी मी, मरणाच्या काठावर. ती जपली लाँगिनस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टीकाकारानं, आणि त्यानं कौतुक केलंय ते प्रामाणिकपणाचं नव्हे. प्रेमात पडलेल्याची लक्षणं सगळ्यांना माहीत असतात. त्यातली सगळ्यात तीव्र निवडून एकत्र जुळवणं ही तिची करामत, असं तो म्हणतो. जीभ मोडली असं सांगणारी बाई ते निर्दोष वृत्तात सांगतेय, हे विसरू नका. पुढे रोमन कवी कातुल्लसनं हीच कविता लॅटिनमध्ये आणली, पुरुषाचा ‘मी’ घातला आणि शेवटी स्वतःचं नाव घातलं. त्या काळच्या वाचकांना त्यात खोटेपणा वाटला नसावा.

मग सॅफोचं प्रेम खरं होतं की नाही, असं मुलं विचारतात. माझं उत्तर: कवितांमध्ये स्त्रियांविषयीची ओढ इतक्या वेळा, इतक्या बारकाव्यानं येते की ती तिच्या जगातली खरी गोष्ट होती याबद्दल मला शंका नाही. पण फाओन नावाच्या नावाड्यासाठी तिनं लेउकासच्या कड्यावरून उडी घेतली, वगैरे गोष्टी टिपेत देऊ नका, द्यायच्याच तर आख्यायिका म्हणून द्या. अथेन्सच्या विनोदी नाटककारांनी तिला पात्र करून नाटकं लिहिली, आणि तिच्या ‘चरित्रा’तला बराच गाळ तिथूनच आला असावा.

थोडक्यात, टिपांसाठी माझी पद्धत अशी. नुसता ‘मी’ असेल तिथे ‘बोलणारा’ किंवा ‘बोलणारी’ लिहा. ‘निवेदक’ हा शब्द कथेचा, गाण्याला तो कोरडा पडतो. कवितेतच नाव आलंय तिथे नाव लिहा. ‘कवी’ लिहायचं ते कवितेबाहेरची साक्ष असेल तिथे, उदाहरणार्थ सोलोन. मराठीची एक अडचण तुम्हाला जाणवलीच असेल: ‘मी गेलो’ की ‘मी गेले’, आपल्याला लिंग ठरवावंच लागतं, ग्रीकला प्रत्येक वेळी लागत नाही. मूळ ओळीत खूण नसेल तर ‘मला वाटतं’, ‘मी पाहिलं’, ‘मी जाईन’ अशा रचना वापरा. ग्रीकमधला मोकळेपणा मराठीत राहतो. सुताराच्या कवितेत मी ‘मला काही नाही’ असंच ठेवलंय ते याचसाठी, आणि सुताराचा उल्लेख टिपेत कवितेच्या खाली येईल असा करा, वर नको.

अवतरणचिन्हांचीही काळजी घ्या. सॅफोच्या एका तुकड्याची पहिली उरलेली ओळ आहे, ‘खरंच, मरून जावंसं वाटतं.’ पुढे येतं, ती रडत मला सोडून गेली, म्हणाली, किती सोसलं गं आपण, सॅफो, मनाविरुद्ध जातेय तुला सोडून. मी म्हटलं, सुखानं जा, मला आठव. त्याआधीची ओळ हरवल्यामुळे ‘मरून जावंसं’ हे आज एकटी राहिलेली सॅफो म्हणते की त्या दिवशी निघालेली मुलगी, हे ठरवता येत नाही. पहिलं मानलं तर कविता शोकाची. दुसरं मानलं तर दुःखात बुडालेल्या मुलीला शांतपणे सावरणारी सॅफो दिसते. बहुतेक इंग्रजी भाषांतरं अवतरणचिन्ह टाकून किंवा गाळून गुपचूप निर्णय घेतात. तुम्ही निर्णय घ्या, पण टिपेत दुसरी शक्यता लिहा.

राहिली २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली, सॅफोच्या नावावरची भावांची कविता, जी घ्यायचा मोह तुम्हाला होतोय. तो पपायरस कुठून आला यावर मोठा वाद झाला आणि त्याचा उगम सांगणारं एक प्रकरण २०२१ मध्ये प्रकाशकानं मागे घेतलं, हे वाचकाला सांगून मगच घ्या. तीत खाराक्सोस आणि लारिखोस ही नावं आहेत. खाराक्सोस सॅफोचा भाऊ, इजिप्तमधल्या ऱ्होडोपिसच्या नादी लागलेला, हे हेरोडोटसला ठाऊक होतं, म्हणून लगेच ‘घरातली खरी गोष्ट सापडली’ असा गलका झाला. पण उरलेल्या भागात बोलणाऱ्याचं नाव येत नाही, कोणाशी बोलणं चाललंय तेही नाही. कुणीतरी सतत म्हणतंय की खाराक्सोस भरलेलं जहाज घेऊन आला. बोलणारी व्यक्ती म्हणते, ते देवांना माहीत, मला हेरा राणीची, म्हणजे हेरा देवीची, प्रार्थना करायला पाठव, तो सुखरूप यावा म्हणून, आणि लारिखोसनं मान वर करून कधीतरी कर्ता पुरुष व्हावं. टिपेत एवढंच द्या: बोलणारी बहुधा बहीण, ऐकणारं माणूस घरचंच, जहाज अजून समुद्रात. सॅफोच्या लेस्बोस बेटावर ज्या ज्या घरातला भाऊ व्यापाराला गेला होता, त्या घरात हे गाणं म्हणता येत होतं.